शमसुद्दीनमधला ‘उद्’ आणि स्पॅनिशमधला ‘एल’

धाराशिवला ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गा आहे. हे नाव आपण सगळेच घेतो, पण त्याच्या पोटात अरबी भाषेतलं एक उपपद दडलेलं आहे. शम्स म्हणजे सूर्य, दीन म्हणजे धर्म. मध्ये आहे ‘अल्’; इंग्रजीतला ‘द’ म्हणा. पुढे ‘द’ आला की त्यातल्या ‘ल्’चाही ‘द्’ होतो, ‘अ’ गळतो, मागच्या शब्दाचा उकार येऊन चिकटतो. झालं शमसुद्दीन.

मराठीला असं उपपद नाही, पण आपलं काही अडत नाही. ‘म्हैस शोधतोय’ म्हटलं की कळतं, गडी बाजारात विकत घ्यायला आलाय. ‘म्हशीला शोधतोय’ म्हटलं की दावं तोडून गेलेली घरचीच म्हैस डोळ्यांपुढे येते. एका ‘ला’नं काम भागतं.

स्पॅनिश भाषा मात्र उपपदांच्या बाबतीत सढळ. पुल्लिंगी नामाआधी ‘एल’, स्त्रीलिंगी नामाआधी ‘ला’. लॅटिनमधल्या ‘तो’, ‘ती’पासून ते आले, अरबी ‘अल्’शी त्यांचं नातं नाही. इंग्रजी शिकलेला माणूस इथं अडखळतो. कॉफी आवडते म्हणायचं तर ‘मे गुस्ता एल काफे’. इंग्रजीत तिथं ‘द’ येत नाही. डोकं दुखतंय, तर ‘मे दुएले ला काबेसा’. त्यात ‘माझं’ नाहीच. आपण तरी कुठं म्हणतो? दुसऱ्याचं डोकं आपल्याला कसं दुखेल! ‘एल लुनेस’ म्हणजे त्या एका सोमवारी, अनेकवचनी ‘लोस लुनेस’ म्हणजे दर सोमवारी.

सन 711 पासून 1492 पर्यंत स्पेनच्या कमी-अधिक भागावर मुस्लिम राजवटी होत्या. त्या काळात अरबी शब्द उपपदासकट तिकडे रुळले. आपली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर. ‘अस्-सुक्कर’चं स्पॅनिशमध्ये झालं ‘आसूकार’. इथंही ‘ल्’चा ‘स्’ झालाय, शमसुद्दीनसारखाच. त्याला स्पॅनिश माणूस पुन्हा ‘एल’ लावतो. एका साखरेला दोन उपपदं, आणि कुणाची तक्रार नाही.

तक्रार आमच्याकडे कागदावर येते. शाळेच्या दाखल्यावर ‘कमरुद्दीन’, रेशनकार्डावर ‘कमर उद्दीन’, तिसरीकडे ‘उद्दीन’ थेट आडनावाच्या रकान्यात! ‘उद्दीन’ हे काही आडनाव नव्हे. उपपदाचा तुकडा आणि पुढचा शब्द, एवढंच ते. पण तीन कागदांवर तीन माणसं होतात, मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापून आणा. म्हणून जन्मनोंदणीलाच नाव सलग लिहून घ्या, असं मी गल्लीतल्या नव्या बापांना सांगत असतो. घरी नुसतं ‘कमर’ म्हणून हाक मारली तरी पोरगं ओ देतंच.