काँक्रीट आणि आग

काँक्रीट जळत नाही, ही समजूत खरी आहे. परंतु जळत नाही म्हणून आगीत त्याचे काही बिघडत नाही, असे मात्र नव्हे.

सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचा हा दगड सहसा पुरता कोरडा नसतो. काही पाणी त्याच्या सूक्ष्म छिद्रांत असते, काही सिमेंटाशी रासायनिक रीतीने बांधलेले असते. आग लागली म्हणजे प्रथम छिद्रांतील पाण्याची वाफ होते व तीत पुष्कळ उष्णता खर्ची पडते. त्यामुळे आतला भाग बराच वेळ थंड राहतो. येथवर पाणी आपले मित्रच! परंतु वाफेस बाहेर पडावयास वाट मिळाली नाही, तर दाब साचतो. त्यातच तापलेला बाहेरचा थर फुगू पाहतो व आतला थर त्यास आवळून धरतो. मग भट्टीत लाही फुटावी तसे टवके उडू लागतात.

चमत्कारिक गोष्ट ही की, काँक्रीट जितके घट्ट, तितका हा धोका अधिक. १८ नोव्हेंबर १९९६ रोजी इंग्लंड व फ्रान्स यांना जोडणाऱ्या समुद्राखालच्या बोगद्यात मालमोटारी नेणाऱ्या आगगाडीस आग लागली. प्राणहानी झाली नाही. पण बोगद्याचे उत्तम प्रतीचे काँक्रीटचे अस्तर काही ठिकाणी मूळ जाडीच्या अल्पशा अंशाइतकेच उरले. आता अशा काँक्रीटमध्ये पॉलिप्रॉपिलीनचे केसासारखे तंतू मिसळतात. ते सुमारे १६५ अंश सेंटिग्रेडला वितळतात आणि वाफेस वाट मोकळी होते.

याहून अधिक उष्णतेत, ४०० ते ५०० अंशांच्या सुमारास, सिमेंटातील चुन्याचे पाणी निघून त्याचा कळीचा चुना होतो. ५७३ अंशांस गारगोटीचे खडे एकाएकी फुगतात. आपल्याकडील काळ्या पाषाणाची खडी त्या मानाने सोशिक. ६०० अंशांच्या आसपास लोखंडी सळईचे बळ निम्म्यावर येते. सळईवरचे दोन-तीन सेंटिमीटर काँक्रीट वाचवणारा कंत्राटदार काय वाचवतो, हे यावरून कळेल.

आग विझली तरी काम संपत नाही. तो कळीचा चुना पुढे हवेतील ओल शोषून फुगतो आणि काही दिवसांनी नव्या भेगा पडतात. म्हणून काजळी धुऊन लगेच चुना फासणे घातक. काँक्रीटवर गुलाबी छटा दिसली, तर ते बहुधा ३०० अंशांवर तापले होते असे समजावे. हातोडीने ठोकून पाहावे, आणि बद्द आवाज आला तर इंजिनियरने पाहिल्यावाचून गिलावा चढवू देऊ नये.