आक्षी की नागाव?

घर घ्यावयाचे ते समुद्राकाठी, एवढ्यापुरते आम्हां उभयतांचे एकमत होते. अडले ते गावावरून. मी आक्षीच्या बाजूचा, सौभाग्यवती नागावच्या. दोन्ही गावे अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर एकमेकांना खेटून वसलेली. आक्षीची पुळण कोठे संपते आणि नागावची कोठे सुरू होते, हे भरतीलाही ठाऊक नसावे. उत्तरेस आक्षीची खाडी, दक्षिणेस रेवदंड्याला कुंडलिकेची, पश्चिमेस अरबी समुद्र. या चिंचोळ्या पट्टीला बेटच म्हणा ना! (मुंबईकर मंडळी नागाव आणि नवगाव यांत हटकून गल्लत करतात. गलबत फुटून आपले पूर्वज जेथे किनाऱ्याला लागले असे बेने इस्रायली मानतात, ते नवगाव अलिबागच्या उत्तरेस. आमचे नागाव दक्षिणेस.)

आक्षीवर माझा जीव जडण्याचे कारण धंद्यातले होते. तेथील शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो. मराठीतला आद्य लेख हा की श्रवणबेळगोळचा, हा वाद मी वर्षानुवर्षे वर्गात रंगवून सांगत आलो आहे. देवीच्या बोडणासाठी धान्य लावून दिल्याची ती नोंद. असली दाने मोडणाऱ्याला जो शाप गद्धेगाळीवर कोरीत, तो दिवाळी अंकात छापण्याजोगा नाही. अशा दगडाच्या शेजारी म्हातारपण काढावे, यापरते भाग्य ते कोणते?

"दगडाला पाणी घालणार आहात की झाडांना?" सौभाग्यवतींनी विचारले.

पौषात आम्ही दोन्ही घरे पाहिली. आक्षीचे गावठाणातले कौलारू घर, पडवीतून समुद्र दिसणारे. वारसांची संख्या नऊ, पण सह्यांना सारे राजी. नागावचे घर समुद्रापासून आत, बारा गुंठ्यांच्या वाडीत. ओटीवरून समुद्र नव्हे, गोठा दिसे. विकणाऱ्या काकू एकट्याच राहात. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ दिवेआगरपाशी किनाऱ्यावर चढले, त्या दुपारी त्यांच्या वाडीतल्या पोफळी काड्यांसारख्या मोडून पडल्या. नारळ बरेचसे तगले. पोफळ पुन्हा लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षे. म्हणून काकूंनी लावलीच नाही.

दोन्हीकडच्या विहिरींचे पाणी गोड लागले. मी आक्षीचा बयाणा देण्याच्या तयारीत होतो. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मास्तर, पौषात सगळ्यांच्याच विहिरी गोड असतात. वैशाखात येऊन चाखा."

त्यामागचे शास्त्र मला पुढे एका भूगोलाच्या सहकाऱ्याने समजावले. किनाऱ्यावर वाळूच्या पोटातले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखे तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून फूटभर वर असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी मिळते. उपसा वाढून ती पातळी अर्ध्या फुटाने उतरली की खालचे खारे पाणी वीस फूट वर सरकू पाहते. पूर्वी वाडीला पाणी रहाटाने मिळे. बैल दमला की विहिरीलाही विसावा मिळे. विजेचा पंप दमत नाही. त्यात आता पर्यटकांसाठी बंगले उठले आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पोहण्याचे तलाव आले! खारे पाणी फुकट पसरलेले असताना माणसाला गोड्या पाण्यात का डुंबावेसे वाटते, हे मला उलगडलेले नाही.

वैशाखात पुन्हा गेलो. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, म्हणून हे हेलपाटे सुसह्य झाले. आक्षीच्या विहिरीचे पाणी मचूळ लागले. मी म्हणालो, "तसे काही फार खारट नाही." ही काही न बोलता माझ्याकडे पाहात राहिली. शिवाय घर भरतीरेषेला इतके लगटून, की किनारा नियमांनुसार जुन्या चौथऱ्यावर दुरुस्ती करता येईल, पण खोली वाढविणे नाही, असे वकिलांनी बजावले. माझी पुस्तके कोठे ठेवणार?

नागावला काकूंनी पोहरा सोडला. पाणी तळाशी गेले होते, पण गोड होते. दिवसाकाठी दोन तासांवर पंप चालवायचा नाही, हा त्यांचा स्वतःपुरता कायदा होता. "शेजारी ऐकत नाहीत," त्या म्हणाल्या, "पण म्हणून मीही का उपसू?"

आता सरकारी कायदा आडवा आला. वाडी ही शेतजमीन, आणि १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी. मी एम. ए. असेन, पण शेतकरी नाही. माझ्या सात पिढ्यांनी भिक्षुकी आणि कारकुनी यांपलीकडे काही पिकविलेले नाही. ही मात्र सातारकडची. वडिलांच्या पश्चात भावांबरोबर हिचेही नाव वारस म्हणून सातबाऱ्यावर चढलेले. लग्नात सासरच्या ज्या दीड एकराची मी थट्टा केली होती, त्याच्या बळावर खरेदीखत हिच्या नावे झाले. माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून काढता येईल तेवढी रक्कम त्यात गेली आणि सही मारली ती साक्षीदार म्हणून.

किल्ली देताना काकूंचा हात थोडा रेंगाळला. "पोफळी लावाल ना?" त्यांनी मला नव्हे, हिला विचारले.

या मृगात आम्ही पन्नास रोपे लावली. कोवळ्या पोफळीला दुपारनंतरचे ऊन सोसत नाही, म्हणून नैऋत्येला केळी उभ्या केल्या. पंप दोन तास. पलीकडच्या बंगल्याचा अहोरात्र घुमतो. एकदा सांगून पाहिले, ते हसले. आक्षी वाटेवरच लागते, तेव्हा दरखेपेस मी एस.टी.तून उतरून शिलालेखाला भेटून येतो. ही पुढे निघून जाते. तिला रोपे मोजायची असतात. परवा मोजली तेव्हा एकेचाळीस जिवंत होती.