काठी निवडताना, काठी नेताना

फ्लोरिडा कीज बेटांच्या उथळ पाण्यात बोनफिश मासा इंजिनाच्या आवाजाने बुजतो. शिवाय इंजिनाच्या पंख्याने समुद्री गवत उखडले तर दंड होतो. म्हणून तिथे होडी काठीने रेटतात. काठीची लांबी साधारण 18 ते 24 फूट. फायबरग्लासची काठी स्वस्त, दणकट, पण जड. दिवसभर होडीवरच्या मचाणावर उभे राहून रेटायचे तर खांदे कार्बन फायबरच मागतात. एका टोकाला चिखलात न रुतणारे दुबेळके, दुसऱ्याला कठीण तळासाठी अणकुचीदार टोक.

खरी पंचाईत होडी आणि काठी रस्त्याने नेताना. फ्लोरिडात वाहनाच्या मागे 4 फूट किंवा जास्त बाहेर आलेल्या काठीला दिवसा लाल निशाणे, रात्री लाल दिवे हवेतच. होडीच्या काठावरच्या पकडींवर विसंबू नका, पट्ट्याने आवळा. आणि कार्बन फायबरमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली ती काठी कधीही उभी करू नका.