पारा गेला, पडताळणी हवीच

जपानमधील मिनामाता शहरात पाऱ्याने दूषित झालेले मासे खाऊन अनेकांचा बळी गेला. त्याच शहराच्या नावाने २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. पाऱ्याचे थर्मामीटर आणि रक्तदाबमापक यांचे उत्पादन, आयात व निर्यात थांबवण्यासाठी त्यात २०२० ही मुदत ठरली. मागणाऱ्या देशांना सवलतीची सोयही ठेवली गेली. पाऱ्याची जागा आता डिजिटल यंत्रांनी घेतली आहे. मात्र यंत्र नवे म्हणजे आकडा अचूक, असे नाही. दंडाला पट्टा लहान पडला, तर रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो आणि औषध विनाकारण वाढू शकते. त्यामुळे पट्टा दंडाच्या मापाचाच घ्यावा. घरचे यंत्रही वर्षातून एकदा डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या यंत्राशी पडताळून पाहावे.