युद्धात पडलेले आणि नोंदीतून गळलेले

महायुद्धात कामी आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांची नावे दगडात कोरून ठेवण्याची प्रथा युरोपातील विद्यापीठांनी निष्ठेने पाळली आहे. या प्रथेमागे केवळ शोक नाही. ज्याची नोंद एखादी संस्था ठेवते त्याचे स्मरण टिकते आणि इतरांचे बुजते, हा तिचा व्यवहारी अर्थ आहे.

मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिणकर या तरुणाचे उदाहरण घ्या. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकलेला हा तरुण पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक झाला. हिंदी माणसाला लष्करात अधिकारपद जवळजवळ बंद असण्याच्या त्या काळात हा मान बोटांवर मोजण्याइतक्यांनाच मिळाला. १९१८ च्या जूनअखेर फ्रान्समधील आघाडीवर त्याला मरण आले. तेथील हांगार गावच्या दफनभूमीत त्याचे थडगे आजही नावानिशी उभे आहे.

त्याच युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात त्या उपासमारीने खंगल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीनंतर कैदेत गेल्या. पुढे बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी नोंदली गेली. महाराष्ट्रातील कित्येक गावांत आढळणाऱ्या संगमरवरी पाट्यांचीही हीच तऱ्हा आहे. गावातून किती माणसे गेली व किती मेली, एवढेच त्या सांगतात. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात या विषमतेची कबुली दिली आणि क्षमाही मागितली.

वेलिणकर स्वेच्छेने गेला. शिपायाच्या बाबतीत स्वेच्छा हा शब्द जपून वापरावा लागतो. दरमहा ११ रुपयांचा पगार कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी रोख रकमेचा एकमेव आधार असू शकत होता. साम्राज्यनिष्ठा की देशहित, हा वाद सुशिक्षितांनी घातला. शिपायाच्या घरी प्रश्न सावकाराच्या हप्त्याचा होता. मरणाची किंमत दोघांनी सारखीच मोजली, नोंद मात्र शिक्षणाच्या व हुद्द्याच्या पायरीनुसार झाली.

खानदेशाच्या दृष्टीने याचा विचार करावयास हवा. जळगावचे मूळजी जेठा आणि अमळनेरचे प्रताप ही महाविद्यालये १९४५ साली, म्हणजे दुसरे महायुद्ध संपले त्या वर्षी निघाली. तोवर मेहरूणसारख्या गावातील मुलाला पदवीसाठी दूरचे शहर गाठावे लागे आणि ते फार थोड्यांना परवडे. तेव्हा युद्धात पडलेल्या माजी विद्यार्थ्यांची पाटी आमच्या महाविद्यालयांत असणे शक्यच नव्हते. परंतु त्यामुळे आमची जबाबदारी संपत नाही. उलट ज्यांना महाविद्यालयाचे दारच दिसले नाही, त्यांची यादी करण्याचे काम आज येथे शिकणाऱ्या त्यांच्या नातवंडा-पणतवंडांवर येऊन पडते.

हे काम अवघड नाही. घरातील ट्रंकेत पडलेली पदके, निवृत्तिवेतनाचे कागद, शाळेचे जुने दाखले आणि वृद्धांच्या आठवणी यांतून गावोगावची नावे जुळविता येतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आणि इतिहास-अर्थशास्त्राच्या प्रकल्पांत त्याला सहज जागा आहे. शिक्षकांनी दिशा द्यावी, कारकुनांनी दप्तर उघडून द्यावे, विद्यार्थ्यांनी लिहावे. स्मारकाला निधी लागतो. यादीला एक वही पुरते. ती वही भरण्यास आणखी उशीर झाला, तर आठवण सांगणारेही उरणार नाहीत.