नाताळाच्या आठवड्यात एवढे पैसे जातात तरी कुठे?

एक काम करा. तुमचं यूपीआय ॲप उघडा, गेल्या वर्षीच्या २० डिसेंबर ते २ जानेवारीचे व्यवहार काढा आणि बेरीज करा. पाच मिनिटं लागतात.

मी हे केलं तेव्हा मला खात्री होती की सगळा पैसा केक, झाड आणि भाच्यांच्या गिफ्ट्सवर गेला असणार. या तिन्हींची बेरीज निम्म्याहूनही कमी निघाली! बाकीचे पैसे कॅब, मॉलचं पार्किंग, कॉफी, बाहेरचं जेवण आणि मुलांनी हट्ट केला म्हणून घेतलेल्या दिवे लुकलुकणाऱ्या टोप्या यांत गेले होते. प्रत्येक वेळी दोनशे-तीनशे रुपये. त्या टोप्या आता कुठे आहेत, हे घरात कुणालाच माहीत नाही.

म्हणजे सण महाग नसतो. आपण तो शेवटच्या आठ दिवसांत, घाईघाईने, तयार आणि बऱ्याचदा उधारीवर विकत घेतो, ते महाग पडतं.

ज्यांचा सण आहे, ते काय करतात?

वसईच्या ख्रिस्ती आळ्यांमध्ये किंवा गोव्यात गेलात तर नाताळाची तयारी डिसेंबरच्या सुरुवातीपासूनच चाललेली दिसते. केकसाठी मनुका आणि सुकामेवा कित्येक आठवडे आधी रममध्ये भिजत पडलेला असतो. गोव्यात काही घरांत डब्यांमध्ये नाचणी पेरतात. २४ तारखेपर्यंत तिला हिरवेगार कोंब येतात आणि येशूजन्माच्या गोठ्यातलं गवत म्हणून तेच मांडतात. खर्च मूठभर नाचणीचा.

फराळाचंही तसंच. गोव्यात आणि मंगळुरात या फराळाला कुस्वार म्हणतात. त्यातली नेवरी म्हणजे आपल्या करंजीची सख्खी बहीण. दिवाळीत वापरलेला साचा तिलाही चालतो. कलकल नावाचा प्रकार तर एकट्याने करायचाच नसतो. मैदा, साखर आणि नारळाच्या दुधाचे छोटे गोळे काट्यावर किंवा कोऱ्या कंगव्यावर दाबून वळायचे, की शिंपल्यासारखे दिसतात. मग तळायचे. आजीपासून पाच वर्षांच्या पोरापर्यंत सगळे एका ताटाभोवती बसतात आणि कुणाचा कलकल वाकडा झाला यावर तासभर हसतात. नंतर हाच फराळ शेजारीपाजारी वाटला जातो. आपल्याकडे दिवाळीत ताटं फिरतात, तसाच.

आता तुम्ही ख्रिस्ती नसाल आणि मुलांसाठी, मजेसाठी नाताळ करत असाल, तरी यातलं बरंच उचलता येईल. आकाशकंदील बनवायला कामट्या आणि पतंगी कागद लागतो, चांदणीलाही तेच लागतं. पोटमाळ्यावरची दिवाळीची माळ खाली काढा. प्लास्टिकच्या झाडाऐवजी कुंडीतलं कुठलंही झाड सजवा. केक कुकरमध्ये होतो. तळाला मीठ, वर स्टँड, शिट्टी आणि रिंग काढून मंद आच. ओव्हन घरोघरी येण्याआधी आपल्या आया असाच केक करायच्या. रम नको असेल तर मनुका संत्र्याच्या रसात भिजवा.

गिफ्ट्सचं काय?

इथे खरी अडचण पैशांपेक्षा संकोचाची असते. वहिनीने मुलाला हजाराचं खेळणं दिलं, मग आपण तिच्या मुलीला पाचशेचं कसं द्यायचं? पुढच्या वर्षी ती दीड हजाराचं आणते. हे थांबायला कुणीतरी आधी बोलावं लागतं.

त्यावर सीक्रेट सांता हा ऑफिसातला खेळ घरीही चालतो. समजा, आठ माणसांचं कुटुंब आहे आणि प्रत्येकजण बाकीच्या सातांना काहीतरी देतो. झाल्या ५६ वस्तू. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकच नाव दिलं तर होतात आठ. चिठ्ठ्या टाकतानाच रक्कम ठरवा, म्हणजे कुणाचंच कमी-जास्त दिसत नाही. फॅमिली ग्रुपवर हा मेसेज घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने टाकला तर उत्तम. आत्याने सांगितलं की कुणी वाद घालत नाही.

लहान मुलांना आकडा सांगायला घाबरू नका. "सांताकडे यंदा एकच गोष्ट मागायची" हे चार वर्षांच्या मुलालाही कळतं.

उधारीचं गणित नीट समजून घ्या

या आठवड्यातली सगळ्यात महागडी चूक क्रेडिट कार्डावर होते, कारण बिल जानेवारीत येतं.

समजा, डिसेंबरचं बिल ३०,००० रुपये आलं. कार्ड कंपनी म्हणते, आत्ता किमान १,५०० भरले तरी चालेल. तुम्ही तेवढेच भरता. उरले २८,५००. कार्डाचं व्याज साधारण दरमहा ३ ते पावणेचार टक्के असतं, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के. साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं जवळपास १,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. मिळून १,१७७. पुढच्या महिन्यात पुन्हा किमान रक्कम भरली, तर त्यातला मोठा वाटा या व्याजातच जातो आणि मूळ रक्कम जेमतेम हलते.

त्याहून वाईट म्हणजे, पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदतही संपते. मग जानेवारीत घेतलेल्या किराण्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागू शकतं.

'नो कॉस्ट ईएमआय'मध्येही व्याज असतंच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट किमतीत देते, इतकंच. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा तुमच्याच माथी येते. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. त्यामुळे "रोख घेतलं तर किती कमी कराल?" हा प्रश्न दुकानात आवर्जून विचारा.

सोपा उपाय म्हणजे सणाची रक्कम आधी ठरवायची आणि वेगळ्या खात्यात किंवा सरळ पाकिटात रोख ठेवायची. पाकीट रिकामं होताना डोळ्यांना दिसतं. स्कॅन करताना ते दिसत नाही.

आणि गोवा?

२४ डिसेंबर ते १ जानेवारी या काळात कुटुंबासह गोव्याला जाणं म्हणजे वर्षातले सगळ्यात चढे दर मोजणं. विमानाची तिकिटं टप्प्याटप्प्याने विकली जातात. स्वस्त सीट संपल्या की पुढचा दर वरचा. हॉटेलंही मागणी पाहून दर बदलतात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे नाताळाचं तिकीट ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन दिवाळीच्या आसपास काढावं लागतं. ते राहून गेलं की लोक खासगी बसकडे वळतात. तिथे एक नियम लक्षात ठेवा. खासगी बसने तशाच दर्जाच्या एसटी बसच्या दीडपटीहून जास्त भाडं घ्यायचं नाही, असं राज्य सरकारने २०१८ मध्ये ठरवलं आहे. जास्त मागितलं तर तिकिटाचा स्क्रीनशॉट घेऊन आरटीओकडे तक्रार करता येते.

पण मला विचाराल तर तारीखच बदला. ख्रिस्ती परंपरेत नाताळ २५ तारखेला आटोपत नाही, तो ६ जानेवारीपर्यंत चालतो. त्या दिवशी तीन राजांचा सण असतो. गोव्यात रेइश मागुश, चांदोर आणि कासावली भागात तो थाटात होतो. राजांच्या पोशाखातली तीन मुलं मिरवणुकीने चर्चकडे निघतात. तोवर थर्टी फर्स्टची गर्दी घरी परतलेली असते आणि दरही उतरू लागलेले असतात. शाळा सुरू झाली असेल, तर दोन दिवसांची रजा टाकायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

गोवा जमत नसेल तर २५ च्या संध्याकाळी लोकलने वसईला जा. चांदण्या, गोठे, अंगणातले दिवे बघत पायी फिरा. याला तिकीट लागत नाही. गोठा कुणाच्या अंगणात असेल तर आधी विचारा, आणि प्रार्थना चालू असताना फोन खिशात राहू द्या.