साधेपणाची पत

तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातील जुन्या चर्चमध्ये जॉन फ्लॅक्समन या विख्यात इंग्रज शिल्पकाराचे एक संगमरवरी शिल्प आहे. मृत्युशय्येवर पडलेला एक वृद्ध धर्मोपदेशक आणि त्याचा हात हाती घेतलेला राजा, असे ते दृश्य. राजा म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालयास वैभवास नेणारे दुसरे सरफोजी भोसले. आणि धर्मोपदेशक म्हणजे ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ. सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. तरीही या परधर्मीय गुरूचे स्मारक त्यांनी हौसेने उभारविले. असे कोणते धन या निःसंग माणसापाशी होते?

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ सालचा, प्रशियातला. १७५० मध्ये ते तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत आले आणि पुन्हा मायदेशी परतले नाहीत. तिरुचिरापल्लीस असताना त्यांची वार्षिक प्राप्ती सुमारे ४८ पौंड होती. एका जुन्या इमारतीत जेमतेम खाट मावेल एवढी खोली, देशी पद्धतीने रांधलेला भात व भाजी आणि काळ्या रंगात बुडविलेले जाडेभरडे सुती कापड, एवढ्यावर त्यांचे वर्ष सुखाने सरे. पुढे लष्करी तळावरील उपासनेबद्दल मद्रास सरकारने त्यांना वर्षाला १०० पौंड देऊ केले. प्राप्ती वाढली, राहणी मात्र वाढली नाही. वाढावा शाळा, उपासनामंदिर आणि गोरगरीब यांच्याकडे वळला.

या राहणीमागे ख्रिस्ती धर्मातील एक जुनी धारणा आहे. मनुष्य आपल्या संपत्तीचा धनी नसून केवळ कारभारी आहे, आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. पाच हजारांना भाकरी वाढून झाल्यावर ख्रिस्ताने उरलेले तुकडे वेचून ठेवण्यास सांगितले, ही शुभवर्तमानातील कथा प्रसिद्ध आहे. विपुलतेतही नासधूस नको, असा तिचा आशय होय.

१७७९ साली मद्रास सरकारच्या विनंतीवरून श्वार्ट्झ हैदरअलीच्या भेटीस श्रीरंगपट्टणास गेले. निरोप देताना हैदरने वाटखर्चासाठी ३०० रुपये दिले. ते त्यांनी सरकारपुढे ठेवले. सरकारने घेण्याचे नाकारल्यावर तंजावरच्या इंग्रजी शाळेस देऊन टाकले. कंपनीच्या राजकारणाचा न्यायनिवाडा निराळा करावा लागेल. परंतु त्या राजकारणात वावरूनही या दूताचे हात कोरडे राहिले.

या कोरडेपणाचे मोल लवकरच कळले. १७८० मध्ये हैदरची स्वारी झाली आणि तंजावरच्या किल्ल्यात अन्नान्नदशा झाली. बाहेर धान्य होते, पण आत कोण आणणार? पूर्वी बुडालेल्या पैशांमुळे रयतेचा राजाच्या वा कंपनीच्या शब्दावर विश्वास उरला नव्हता. तेव्हा श्वार्ट्झ यांनी स्वतः जामीन राहून पत्रे पाठविली. दोन-तीन दिवसांत हजारावर बैल मिळाले आणि ८०,००० कलम धान्य किल्ल्यात आले. कलम हे तमिळ प्रांतातील धान्याचे माप. काम होताच त्यांनी प्रत्येकाचे पैसे स्वहस्ते चुकते केले. पुढे जुलुमाला कंटाळून गाव सोडून गेलेले शेतकरीही त्यांच्याच शब्दावर परतले. एका दिवसात सुमारे ७,००० जण आले, असे त्यांनी नमूद केले आहे.

साधेपणाचा विचार करताना आपण बहुधा काय सोडले याचीच मोजदाद करतो. त्याने काय मिळते, हे तंजावरच्या या उदाहरणावरून ध्यानी येते. ज्याला स्वतःसाठी थोडेच लागते, त्याचा शब्द विकत घेता येत नाही. आणि जो शब्द विकत घेता येत नाही, त्यावर उपाशी शेतकरीही आपला बैल सोडतो. आज घरोघरी वस्तूंची रेलचेल आहे आणि गावोगावी कचऱ्याचे ढीग वाढत आहेत. अशा काळी काटकसर ही पैशाची वा स्वच्छतेची बाब म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. शिवाय ती माणसाची पतही आहे.

श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावरास निवर्तले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले.